कॉइल कुणी शिकवली

भूकंपानंतर जपानमधल्या फुनाबोरीतली बरीच भारतीय कुटुंबं मायदेशी परतली, तेव्हा रिकामा पडलेला एक गाळा मी घासाघीस करून घेतला आणि मसाल्याचं दुकान टाकलं. पुढे सिगारेट सोडायची म्हणून व्हेप, म्हणजे बॅटरीवरची वाफेची सिगारेट ओढू लागलो, पण वाफेपेक्षा आतल्या तापणाऱ्या तारेत, कॉइलमध्येच जास्त रमलो. स्क्रू ड्रायव्हरच्या दांडीवर तारेचे वेढे घ्यायचे, अशा दोन कॉइल बसवून बटण हळूच दाबायचं, चिमट्याने वेढे जुळवत राहायचं. दोन्ही मधोमध एकाच वेळी लाल झाल्या की जमलं. तारेचा विजेला रोध जितका कमी तितकी वाफ दाट, आणि बॅटरीवर ताणही तितकाच.

आमच्या इमारतीत पुण्याचा एक सॉफ्टवेअर इंजिनिअर होता. "दादा, मलाही शिकवा ना," म्हणाला. फुकट काही द्यायची मला सवय नाही. योकोहामातल्या व्हेपच्या दुकानदाराशी त्याची ओळख होती. तिथे मला नेऊन माझ्या कॉइल दाखवायच्या, या बोलीवर शिकवलं. काही महिन्यांनी कळलं, हा तिथे एकटाच जाऊन कॉइल शिकवतो आणि लोक त्याला सेन्सेई, म्हणजे गुरुजी म्हणतात!

त्या दुकानातल्या पुढच्या बैठकीला मी माझ्या कॉइल खिशात घालून न सांगता हजर झालो.

"अरे दादा, तुम्ही? बसा ना, मागे जागा आहे."

मागे! बसवेना. उभाच राहिलो. त्याने कॉइल बसवली, यंत्रावर चढवली, बटण दाबलं. यंत्र पेटेना. पडद्यावर सूचना आली, रोध फार कमी. "हे यंत्र जरा लहरी आहे," असं जपानीत हसत सांगून त्याने कॉइलचा वरचा भाग काढला आणि साध्या नळीवर लावायला घेतला. त्या नळीत ना सर्किट ना संरक्षण, थेट बॅटरी. मी वाकून पाहिलं. तारेचं टोक धातूच्या भिंतीला टेकलं होतं, म्हणजे बटण दाबताच शॉर्ट होऊन बॅटरी फुटली असती.

क्षणभर वाटलं, लावू दे. भाजू दे हात. मग मी तो भाग हिसकावला.

"दादा, काय करताय! सगळे बघतायत."

"बघू देत. तार भिंतीला टेकलीय. डोळे पुण्यालाच ठेवून आलास का?"

"बरं, द्या इकडे."

"आधी यांना सांग, तुला कुणी शिकवलं."

"घरी गेल्यावर बोलू ना."

"घरी नाही, इथे. नाहीतर ही चुकलेली कॉइल एकेकाच्या हातात देऊन दाखवतो."

खाली बघत त्याने सांगितलं. दुकानदार कमरेत वाकला आणि त्याने स्वतःची खुर्ची मला दिली. मी टोक छाटलं, रोध पुन्हा मोजला, कापूस भरला. वाफ निघाली तशी लोक पुढे सरकले. दुकानदाराने माझ्या कॉइल विकायला ठेवून घेतल्या.

तरी डोकं शांत होईना. स्टेशनवर इंजिनिअर मुद्दाम पुढच्या डब्यात चढला. इथे गाडीत कुणी आवाज चढवत नाही, याच भरवशावर असणार. दारं मिटली, गाडी सुटली, आणि मी एकेक डबा ओलांडत त्याच्याकडे निघालो.