बर्फ लावून ठेवा

ज्या भंडाऱ्यात मे महिन्यात माणूस कूलरपुढून हलत नाही, तिथं हौसेनं गरम खोलीत घाम काढायला जायचं, हे ऐकून मला आधी हसूच आलं. पण उजवा खांदा दिवाळीपासून आखडलेला. वेणी घालायलाही आई लागायची. शेवटी ऑफिसातल्या मैत्रिणीनं पिच्छा पुरवला आणि मी त्या नव्या रिकव्हरी स्टुडिओत गेले. आधी लाकडी गरम खोली, मग बर्फाच्या पाण्याचा टब, असं तीनदा करायचं होतं.

गरम खोलीचं मला काही वाटलं नाही. बाहेर आले तर तिथली मुलगी पोत्यातली बर्फाची लादी मोगरीनं फोडत होती. मोहाडीकडच्या खेड्यातली होती, हाताला जोर होता. तिनं तुकडे टबात ओतले. पोत्याला चिकटलेला धानाचा भुसाही त्यांच्याबरोबर पडला आणि पाण्यावर तरंगायला लागला.

माझा पाय उचलेना. असाच भुसा तीन वर्षांपूर्वी आमच्या ओसरीत सांडला होता.

बाबा गेले ते मे महिन्यातल्या एका दुपारी. मी तेव्हा पुण्यात होते, गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचणार होती. लेकीसाठी एवढं कशाला थांबायचं, असं नातेवाईक म्हणायला लागले. मी फोनवरच भांडले. मी आल्याशिवाय उचलायचं नाही, बर्फ लावून ठेवा, असं ठणकावून सांगितलं. आई एवढंच म्हणाली, "त्यायले थंडी सहन नाही होत, बाई." खरंच व्हायची नाही. कूलरसुद्धा ते स्वतःकडे वळवू द्यायचे नाहीत. तरी मी तिच्यावर खेकसले, "आता त्यांना काय कळतंय!"

वरठी स्टेशनला उतरून घरी पोहोचले तेव्हा वास सुटला होता. लोक नाकाला रुमाल लावून उभे होते. मला बाबांच्या उशाशी धड बसूही दिलं नाही. घाईघाईनं अंगावर कोमट पाणी घातलं आणि उचललं. मी सगळ्यांसमोर ओरडले, साधा बर्फ नीट लावता येत नाही का तुम्हाला?

"मॅडम, भेव लागते का? दोनच मिनिटं बसा," मुलगी म्हणाली.

मी टबात उतरले. श्वास छातीतच अडकला. पाठ आधी दुखली, मग बधिर झाली. हेच मी बाबांना दिलं होतं, अख्खा एक दिवस. दोन मिनिटं झाली तरी मी उठले नाही. आपणही सोसावं, असं मनात आलं. "बस झालं, ओठ काळे पडून राहिले तुमचे," म्हणत तिनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. परत गरम खोलीत बसवलं, तरी हुडहुडी जाईना. डोळे मिटले की बाबांचे पांढरेफटक तळपाय दिसत होते. पुढच्या खेपांसाठी मी थांबलेच नाही.

घरी आई मेथी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. तीन वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं तेही बोलून टाकलं. "आई, माझ्या हट्टापायी मी बाबांना गारठवलं गं."

तिचे हात थांबले.

"नाही गारठले ते," ती म्हणाली. "लाद्या त्यायच्या दोन्ही अंगाले लावल्या होत्या. सारे चहा प्याले बाहेर गेले, तवा मीनं लाद्यायच्या अन् त्यायच्या मधात ब्लँकेट खोसलं. वरून चादर होती, कोणाले दिसलं नाही. मले पाहावलं नाही, बाई. तू ओरडली, तवा सांगाची हिंमत नाही झाली. वास सुटला, तुले त्यायच्याजवळ बसू नाही देलं, ते माह्यापायीच."

तीन वर्षं तिच्याच समोर जेवायला बसून मी त्या बर्फ लावणाऱ्यांच्या नावानं शिव्या घालत होते, आणि ती मुकाट्यानं मला वाढत होती.