त्या चित्रकाराची बहीण

आखातात, वादी कबीरला एका गॅरेजच्या वर दोन खोल्यांत आमचे चित्रकलेचे सर राहायचे. म्हसळ्याकडचे कोकणी मुसलमान. लग्न केलं नव्हतं. आठवडाभर छापखान्यात नोकरी आणि शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी आम्हा चार-पाच मुलांचा क्लास. माझे बाबा नागपूरचे, इंजिनियर. चित्रकला ही दहावीनंतर आपोआप सुटणारी सवय, असं त्यांचं मत होतं. माझी सुटली नाही. आज मी अल् घुब्राच्या फ्लॅटमध्ये बसून पुण्याच्या प्रकाशकांसाठी मुलांच्या पुस्तकांतली चित्रं काढते, ती सरांमुळेच.

सरांकडे शंभरेक वर्षांपूर्वीचं एक अमेरिकन पुस्तक होतं, गोष्टींचं. त्यातल्या गोष्टी आम्ही कधी वाचल्या नाहीत, पण चित्रं पाठ होती. बहुतेक चित्रांत एकच मुलगी. रुंद कपाळ, किंचित उघडे ओठ, कुणीतरी हाक मारल्यासारखी नजर.

त्या चित्रकाराचं आयुष्य सर थोडं थोडं करून सांगत. शेतकऱ्याचा मुलगा, धान्याच्या पोत्यांवर कोळशाने घोडे काढायचा. पुढे शहरात एका मोठ्या चित्रकाराकडे शिकायला गेला. ते गुरू म्हणत, थंडीतला माणूस काढायचाय ना, मग आधी बाहेर जाऊन कुडकुडून ये. सरांनी हा धडा आम्हाला उन्हाचा दिला. गॅरेजच्या अंगणात भर उन्हात उभं करून विचारायचे, "तुझा हात कुठे गेला? कपाळावर ना? मग तुझ्या चित्रातल्या बाईचा हात खाली कसा?"

शेवटी बहिणीची गोष्ट यायची. धाकटी, सात वर्षांची. भाऊ सांगेल तशी त्याच्यासमोर न हलता बसायची. एकदा तो नदीकाठी होड्या काढत होता आणि ती पाण्याशी खेळत होती. त्याने मान वर केली तेव्हा ती तिथे नव्हती.

"मग त्याने प्रत्येक पुस्तकात तिलाच काढलं," असं म्हणून सर पुस्तक मिटायचे.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. ती मुलगी माझ्याकडे नाही, माझ्या मागे उभ्या असलेल्या कुणाकडे तरी बघतेय असं वाटायचं, आणि मी मान वळवून पाहायचे.

गेल्या वर्षी एका बालमासिकाने माझ्याकडे त्या चित्रकारावर लेख मागितला. इंटरनेटवर त्याचं जुनं चरित्र मिळालं. शेत खरं होतं, पोती खरी होती, गुरूही खरे होते. बहीण मात्र नव्हती. तो एकुलता एक. चित्रातल्या मुलीसाठी शेजारच्या बेकरीवाल्याची लेक बसायची, आणि ती चांगली म्हातारी होऊन वारली.

सर तोवर तीन तासांवरच्या इब्रीला भावाकडे राहायला गेले होते. साखरेने डोळे अधू झालेले. मी गाडी काढली आणि गेले. भावाच्या कपड्यांच्या दुकानात, मागच्या बाजूला खुर्ची टाकून ते बसले होते. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. भावाने बिनदुधाचा सुलेमानी चहा आणून दिला आणि तो गिऱ्हाइकाकडे वळला.

मला फार वेळ धीर धरवला नाही. म्हटलं, "सर, त्या चित्रकाराला बहीण नव्हती."

त्यांनी कप खाली ठेवला.

"मला होती," ते म्हणाले.

गावची खाडी होती, भरतीची वेळ. ते बारा वर्षांचे, आईने बहिणीला त्यांच्या भरवशावर सोडलेलं. ते काठावर बसून होड्या काढत होते. चित्र छान जमत होतं म्हणून तिची एक हाक त्यांनी ऐकूनही सोडून दिली.

"हाक ऐकली होती मी," सर म्हणाले. "हे आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही."

घरात तिचा एकही फोटो नव्हता. भाऊ तेव्हा पाळण्यात. मुंबईच्या रद्दीत ते पुस्तक हाती लागलं, तेव्हा त्यातली मुलगी तिच्यासारखी वाटली म्हणून त्यांनी जपून ठेवलं.

"तीच चूक झाली," ते म्हणाले. "आता तिचा चेहरा आठवायला गेलं की ही गोरी पोरगीच समोर येते. माझी बहीण मी दोनदा घालवली."

मी बॅगेतून कागद काढला. "तुम्ही सांगा, मी काढते."

ते सांगत गेले. नाक बसकं, भुवया आईसारख्या, समोरचा एक दात पडलेला. झालेलं चित्र त्यांनी दारातल्या उजेडात डोळ्यांशी धरलं आणि नकारार्थी मान हलवली. त्यानंतर दोनदा मी पुन्हा इब्रीला गेले. तिसऱ्या खेपेला त्यांनी कागद बराच वेळ हातात ठेवला. मला वाटलं, सापडली.

"नाही गं," ते म्हणाले. "ही तुझी कुणीतरी आहे. खलास, आता पुरे."

मी लेख लिहिला. शेत, पोती, गुरू, एवढंच. बहिणीबद्दल एक ओळही नाही. तो छापून येण्याआधीच सर गेले. भावाचा फोन आला तेव्हा मी टेबलाशीच होते, एका पुस्तकाचं काम चालू होतं.

अलीकडे काम करताना लेकीने हाक मारली की मी हातातला ब्रश तसाच टाकून उठते. ती वैतागते. "आई, मी फक्त वॉटर बॉटल मागितली," म्हणते. तिच्या मागे दारात मला समोरचा दात पडलेली कुणीतरी उभी दिसते. मी बाटली भरून देते आणि टेबलाकडे परतते.