इंगळे सिस्टरांचा मंगळवार

मुलुंडला टेकडीच्या बाजूने पालिकेचा एक दवाखाना आहे आणि तिथे मंगळवार हा गरोदर बायांचा वार. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर जेवढी रांग असते, तिच्या दुप्पट रतन इंगळे सिस्टरांच्या टेबलापुढे असते. डॉक्टरीणबाईंनी हे केव्हाच मान्य करून टाकलंय. वजन, बीपी, लोहाच्या गोळ्या ही कामं कोणीही करील, पण "सिस्टर, माझं हे असं का व्हायला लागलंय?" या प्रश्नाला हसवत हसवत पटेल असं उत्तर देणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही.

सिस्टर मूळच्या वाशीमकडच्या. एकोणिसाव्या वर्षी, पहिल्या खेपेला त्यांच्या पोटावर बेंबीपासून खाली काळी रेघ उमटली. शेजारची एक म्हातारी म्हणाली, हे लक्षण बरं नाही. झालं! ही पोरगी महिनाभर आंघोळीच्या वेळी ती रेघ टाचा घासायच्या वजरीने घासत बसली. रेघ गेली नाही, कातडी मात्र सोलून निघाली. पुढे मुंबईत येऊन नर्सिंग शिकल्या, तेव्हा पुस्तकात वाचलं की अशी रेघ कितीतरी जणींना येते आणि बाळंतपणानंतर हळूहळू फिकी होते. ते वाचून त्यांना हसू आलं नाही, राग आला. एवढीशी गोष्ट सांगायला आपल्याला कोणी नव्हतं, याचा राग. तीस वर्षं तो त्यांना पुरला.

म्हणून त्यांच्या टेबलाशी लाज हा प्रकार चालत नाही. एखादी पदराआड कुजबुजते, की स्तनाग्रं काळी पडलीत. सिस्टर सांगतात, बाळाची नजर सुरुवातीला अधू असते, त्याला दुकानाची पाटी ठळक दिसायला नको का? कुणाला दम लागतो, कुणाच्या हिरड्यांतून ब्रश करताना रक्त येतं, कुणाच्या गालांवर वांग उठतो. कुणाला रात्रीतून पाच वेळा उठावं लागतं, तिला त्या म्हणतात, "खालच्या मजल्यावर लघवीची पिशवी, वरच्या मजल्यावर नवा भाडेकरू. तो पाय ताणणारच." पोटरीत गोळा आला तर पायाची बोटं आपल्याकडे ओढायची, छातीत जळजळलं तर थोडं थोडं खायचं आणि जेवल्या जेवल्या आडवं व्हायचं नाही, संध्याकाळी पाय सुजले तर उशीवर उंच ठेवून डाव्या कुशीवर पडायचं. एकदा एक नवरा तक्रार घेऊन आला, "सिस्टर, हिचा स्वभाव फार बदललाय." सिस्टरांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तिचा बदलला ते ठीक आहे. तुझा बदलला का? नाही ना? मग बदल." रांगेतल्या बाया फिदीफिदी हसल्या आणि तो गडी पुढच्या मंगळवारपासून बायकोची पिशवी धरून निमूटपणे येऊ लागला.

आणि प्रत्येकीला शेवटी एकच वाक्य: "होतं असं. बाळासाठी होतं."

धोक्याच्या खुणा त्या सांगत नसत असं नाही. सांगत, पण अगदी शेवटी, आवाज खाली आणून, समोरची बाई फाइल उचलून निघत असताना. पोटुशीला भीती घालायची म्हणजे त्यांना ती म्हातारी आठवे. हसत आलेली बाई दवाखान्यातून हसतच गेली पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. हट्ट चांगलाच होता, पण त्यात एक फट राहून गेली होती.

दिशा त्यांच्याकडे आली ती चौथ्या महिन्यात. चोवीस वर्षांची, कुरिअरच्या ऑफिसात कामाला, पहिलीच खेप. तिलाही ती काळी रेघ आली होती आणि ती रडवेली झाली होती. सिस्टरांनी तिला स्वतःची वजरीची गोष्ट सांगितली, तेव्हा पोरगी इतकी हसली की सोबत आलेल्या सासूबाईंनाही हसू फुटलं. सासूबाई म्हणजे मालनताई, कणकवलीकडच्या. आधी त्यांचा सिस्टरांवर काडीचा विश्वास नव्हता. पण सहाव्या महिन्यापर्यंत असं झालं, की चाळीत कुणी गरोदर बाई कण्हली, की मालनताईच तिला सुनावत, "घाबरतंस कित्याक? होता असा. सिस्टर सांगतत." सिस्टरांचं वाक्य असं घरोघर जायला लागलं आणि सिस्टरांना त्याचा मनातून अभिमान वाटे.

आठव्या महिन्यात रविवारी दुपारी दिशाचं डोहाळजेवण होतं. पेशंटच्या घरच्या कार्याला सिस्टर सहसा जात नसत. गेल्या असत्या तर रोजच जेवायला बाहेर जावं लागलं असतं. पण मालनताई हटून बसल्या. "पहिली ओटी तुम्ही भरूची," असं म्हणाल्या. मग जाणं भाग होतं.

चाळीच्या मधल्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. हिरवी साडी, फुलांचे दागिने, अशी दिशा झोपाळ्यावर बसली होती. बाया एकमेकींना सांगत होत्या, तोंडावर तेज किती आलंय बघा. सिस्टरांनीही लांबून पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं. नारळ आणि खण घेऊन त्या पुढे झाल्या, ते ओटीत घातले आणि सवयीने तिचा हात हातात घेतला. गुरुवारी कासाराने भरलेला हिरवा चुडा. बांगड्या किणकिणल्या नाहीत. त्या हलतच नव्हत्या. मनगटावर काचेचे वळ उठले होते आणि बोटं फुगून बोळ्यासारखी झाली होती. सिस्टरांनी मान वर करून तिचा चेहरा आता जवळून पाहिला. ते तेज नव्हतं, सूज होती.

"डोकं दुखतंय का गं?"

"शुक्रवारपासून खूप. डोळ्यांपुढे चमकतं पण मध्येच."

"मग आली का नाहीस?"

दिशा समजूतदारपणे हसली. "येणार होते. पण आई म्हणाल्या, सूज येतेच, सिस्टर सांगतात ना, होतं असं. मंगळवारी जायचंच आहे."

बारा दिवसांपूर्वी, मागच्या खेपेच्या मंगळवारी याच पोरीचं बीपी त्यांनी स्वतः मोजलं होतं आणि ते अगदी व्यवस्थित होतं. त्यांनी दिशाला दंडाला धरून उठवलं आणि तिच्या नवऱ्याला हाक मारली. "निलेश, रिक्षा आण. आत्ता."

मालनताई आडव्या आल्या. "ओटी अर्ध्यावर टाकून उठतत काय कधी? पाच जणी रवल्यात. धा मिनटांत आटपता."

"दहा मिनिटं नाहीत आपल्याकडे," सिस्टर म्हणाल्या. हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज मुलुंडमध्ये कुणी कधी ऐकला नव्हता. बाया बाजूला झाल्या.

मोठ्या इस्पितळात पोचले तेव्हा बीपी एकशे सत्तर, खालचं एकशे दहा. डॉक्टर म्हणाले, कधीही झटके येऊ शकतात, लगेच इंजेक्शन सुरू करतो. हात मोकळे करा, बांगड्या काढा. साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं. एकही बांगडी तसूभर सरकेना. फोडायलाच हव्या होत्या. मालनताईंनी सुनेचे दोन्ही हात आपल्या छातीशी धरले. "हिरवो चुडो फोडूचो नाय. पोटात पोर असताना असो अपशकुन नको हां, सांगून ठेवतंय."

तिथली एक नर्स वैतागून काहीतरी बोलणार होती. इंगळे सिस्टरांनी तिला थांबवलं. अडाणीपणा म्हणून हिणवणं सोपं होतं. पण सिस्टरांना दिसत होतं, की या बाईचा विश्वास जितका चुड्यावर आहे, तितकाच आपल्या वाक्यावर होता. आणि आपल्या वाक्यानेच तिला दगा दिला होता. त्या मालनताईंच्या अगदी समोर उभ्या राहिल्या.

"मालनताई, शुक्रवारी तुम्ही हिला घरी थांबवलंत ते माझ्या शब्दावर. चूक तुमची नाही, माझी आहे. मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. पाय सुजतात ते होतं. हात आणि तोंड सुजून डोकं दुखतं, ते होत नाही, ते होऊ द्यायचं नाही. हे मी मोठ्याने सांगायला हवं होतं. आता सांगते. हिच्या जिवाला धोका आहे, बाळाच्याही."

मालनताईंनी आपल्या पदराचं टोक सुनेच्या मनगटाखाली सारलं. "सरा सगळी," त्या म्हणाल्या, "मीच वाढवतंय." आणि एकेक बांगडी त्यांनी अंगठ्याने दाबून फोडली. सुनेच्या हाताला एक ओरखडा आला नाही. त्यांच्या स्वतःच्या अंगठ्यातून मात्र रक्त येत होतं.

सूर्य मावळायच्या आत दिशाचं सिझर झालं. मुलगी झाली, पावणेदोन किलोची. काचेच्या पेटीत अठरा दिवस राहिली आणि मग खणखणीत आवाजात रडत घरी गेली. दिशा वाचली. सगळी चाळ म्हणू लागली, सिस्टर नसत्या तर वाट लागली असती. सिस्टर मान हलवत. त्यांना कळत होतं, की आपण नुसत्या बांगड्यांकडे बघून वाचवलं ते खरं. पण रविवारी जेवायला बोलावलं नसतं तर?

डोहाळजेवणानंतरच्या पहिल्याच मंगळवारी सकाळी त्यांनी रांग लावू दिली नाही. सगळ्या बायांना बाकांवर एकत्र बसवलं आणि घडलेलं सांगितलं, दिशाचं नाव न घेता, स्वतःचं घेऊन. तरुण श्वेता सिस्टर मागून दबक्या आवाजात म्हणाली, "कशाला सांगताय मॅडम? उद्या कोणी विश्वास ठेवणार नाही तुमच्यावर." इंगळे सिस्टर म्हणाल्या, "माझ्यावर डोळे मिटून ठेवतात, तेच तर चुकतंय." मग प्रत्येकीकडून त्यांनी वदवून घेतलं: तोंडावर, हातांवर सूज, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं. यातलं एक जरी झालं, तरी मंगळवारची वाट बघायची नाही. त्याच दिवशी यायचं, दवाखाना बंद असला तर थेट मोठं इस्पितळ गाठायचं.

हा नेम आता दर मंगळवारी चालतो. आधी धोक्याच्या खुणा, मोठ्याने. मग रेघ, वांग, जळजळ आणि थट्टामस्करी. बायांचा विश्वास कमी झाला नाही. उलट, आता कोणत्याही वारी कुणीतरी धापा टाकत येते, बीपी चांगलं निघतं आणि ती ओशाळते, "उगाच त्रास दिला सिस्टर." सिस्टर तिला पाणी देतात, बसवून घेतात आणि म्हणतात, असा त्रास रोज दे.

मुलगी नऊ महिन्यांची झाली तेव्हा दिशा तिला लसीसाठी घेऊन आली. बाकांवर बसून तिने सगळं ऐकलं आणि शेवटी टेबलाशी आली. तिचा चेहरा थोडा उतरला होता.

"सिस्टर, दर मंगळवारी माझी गोष्ट सांगता तुम्ही?"

सिस्टरांनी बाळाची मूठ आपल्या बोटाभोवती आवळू दिली. "नाही गं पोरी," त्या म्हणाल्या, "माझी सांगते."