वजीर सांभाळा

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या गृहस्थांनी वजिराचे जेवढे हाल केले, तेवढे बुद्धिबळाचा शोध लागल्यापासून कुणी केले नसतील. मी पुस्तकं वाचून खेळ शिकलेला माणूस. पांढरी मोहरी घ्यावीत, पटाच्या मध्यात दंगा न करता कडेने सुरुवात करावी, उंटापुढचं प्यादं हळूच दोन घरं सरकवावं, मग घोडा बाहेर आणावा, असा माझा शिरस्ता. त्यावर हे एक प्यादं हलवणार आणि दुसऱ्याच खेळीला यांचा वजीर पटाच्या टोकाला, माझ्या राजाकडे डोळे वटारून उभा. "अहो, इतक्यात वजीर काढू नये," असं मी म्हटलं की लातूरकडच्या हेलात उत्तर यायचं, "सर, प्लांट हेड केबिनमधी बसून ऱ्हायला की लाइन बंद पडती. मोठा माणूस आधी फ्लोअरवर दिसायला पायजे."

चाकणच्या कंपनीत जन्म गेल्यामुळे असेल, पण पटाबाहेरही त्यांचा वजीर असाच सर्वांत आधी निघायचा. सोसायटीची लिफ्ट अडकली की वॉचमन, सेक्रेटरी असल्या प्याद्यांकडे न जाता ते लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीच्या सर्वांत मोठ्या साहेबांचा नंबर शोधायला लागत. तो सापडेपर्यंत वॉचमनने लिफ्ट चालू केलेली असे. शिंका आल्या तर थेट हृदयरोगतज्ज्ञ. रहाटणीच्या भाजीबाजारात मेथीवाली तोंड उघडायच्या आधीच, "मावशी, शेवटचं बोला." पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले, तर पोहे यायच्या आधी यांनी मंगल कार्यालयाचा विषय काढला. ते लग्न काही जमलं नाही. "कार्यालय मात्र झकास होतं वो," असं ते अजून हळहळून सांगतात.

माझी बायको गेली तेव्हा लोक येऊन गप्प बसत आणि चहा न घेता उठत. दिवसकार्य उरकल्यावर तेही यायचे थांबले. मला बोलावंसं वाटत नव्हतं आणि घरात बोलण्यासारखं कुणी उरलंही नव्हतं. दूधवाल्याला मी दारातून बोटांनीच किती पिशव्या ते सांगत असे. एकदा फोनवर बहिणीशी बोलायला गेलो, तर घशातून आवाजच फुटेना. अशात एका संध्याकाळी हे गृहस्थ काखेत पट मारून आत आले. सांत्वन नाही, चौकशी नाही. "पांढरी घ्या," म्हणाले.

मला राग आला. पण समोर दुसऱ्या खेळीला आलेला वजीर दिसला, की पुस्तकी माणसाचा हात स्वस्थ बसत नाही. अशा वजिराला घाबरायचं नसतं आणि उगाच त्याच्या मागेही धावायचं नसतं. आपलं एकेक मोहरं असं बाहेर आणायचं, की ते येता येताच वजिरावर रोखलं जावं. मी दुसरा घोडा काढला; वजीर दोन घरं मागे सरकला. मी मधलं प्यादं पुढे केलं. उंटाची वाट मोकळी झाली आणि वजीर पुन्हा धोक्यात. त्यांचे घोडे, उंट घरीच झोपलेले, वजीर मात्र दारोदार पळतोय. मी बोटाने वजीर दाखवला, तशी त्यांनी माझी खेळी सरळ परत फिरवली.

"बोटानं न्हाई चालत, सर. राजाला शह देताना बोलता, मग वजिराला का न्हाई? तोंडानं बोला, 'वजीर सांभाळा.' आमच्याकडं रूलच हाय."

हा लातूरचा रिवाज असावा, असं समजून मी चडफडत बोललो. रोज बोलत राहिलो. पुटपुटलो तर, "काय? ऐकू न्हाई आलं," म्हणून खेळी परत. शेवटी इतका वैतागलो, की एकदा माझ्याच आवाजाने दचकलो. जिना चढणाऱ्या वहिनींनी, म्हणजे यांच्या सौभाग्यवतींनी, दारातून डोकावून विचारलं, "भांडताय का वो?" त्याच आठवड्यात मी दूधवाल्याला ओरडून सांगितलं, की दूध पातळ आहे.

मग त्यांच्या मुलाने चऱ्होलीला फ्लॅट घेतला आणि हे तिकडे राहायला गेले. परवा भेटायला गेलो, तेव्हा सुनेशी डाव रंगला होता. वजीर अर्थातच वेशीबाहेर. सुनेने घोडा काढून त्यावर रोखला आणि ती काहीच बोलली नाही. यांनी निमूट वजीर हलवला.

"अगं, बोलली नाहीस तू," मी म्हणालो. "तुमच्या रूलचं काय?"

"कसला रूल, काका?" ती म्हणाली.

गृहस्थ एकदम खिडकीबाहेरची बांधकामं पाहू लागले. "चहाचं काय झालं?" एवढंच म्हणाले.

आता आम्ही मोबाइलवर खेळतो. तिथे काही बोलावं लागत नाही. काल संध्याकाळी त्यांचा वजीर नेहमीसारखा उधळत आला, मी घोडा काढला आणि ओट्यापाशी तसाच उभा राहिलो. घर फार शांत होतं. मग मी त्यांना फोन लावला.

"बोला सर."

"वजीर सांभाळा."

"अरारा! पुन्हा घोडा?" ते म्हणाले, आणि मेथीवर आले, मेथीवरून सुनेच्या तब्येतीवर. आम्ही बराच वेळ बोलत होतो. वजीर हलवायचा राहूनच गेला.