वाकणाऱ्यांवर माझा विश्वास नाही

आमच्या स्टाफरूममध्ये किस्सा कोणी ठरवून सांगत नाही. चहा गाळताना एक निघतो, त्याला दुसरा चिकटतो, आणि घंटा झाली तरी कोणी खुर्ची सोडत नाही. मी सहावी-सातवीला इंग्रजी शिकवतो, शहादा तालुक्यात, ब्राह्मणपुरीच्या पलीकडच्या एका गावात. यंदा सगळे किस्से एकाच क्रियापदाभोवती गोळा झाले: बेंड. वाकणे, वाकवणे, झुकणे, वळणे, सगळं त्यातच! त्यात माझा स्वभाव संशयी. बायको म्हणते, "तुम्ही प्रसादाचा पेढासुद्धा उलटा करून बघता." बघतो. का नाही बघायचं?

*

कृतीतून शिकवावं म्हणून मी पुढच्या बाकावरची स्टीलची पट्टी उचलली. "आय अॅम बेंडिंग द स्केल!" पोरं एका सुरात बोलली. मी खूश. पट्टी सोडली, तर ती सरळच होईना!

पट्टीची मालकीण उभी राहिली. "सर, मन्ही पट्टी वाकडी व्हयी गई. आते मायले काय सांगू?"

"सांग, इंग्रजी शिकले."

"मंग नवी पट्टी तुम्ही देशात ना?"

दिली बाबा. पण ती जुनी पट्टी आधीच वाकलेली होती, असा मला आजही दाट संशय आहे.

*

आमचे पाटील सर पी.टी. घेतात. हातात शिट्टी, आवाज खणखणीत. "बेंड युवर नीज! अजून खाली! अजून!" पोरं घामाघूम. स्वतः पाटील सर मात्र खांबासारखे सरळ. मी कित्येक वर्षं लक्ष ठेवून आहे, या माणसाला खाली पडलेला खडू उचलताना मी पाहिलेलं नाही.

तपासणीला साहेब आले. म्हणाले, "सर, एकदा तुम्ही करून दाखवा."

पाटील सरांनी शिट्टी खिशात घातली. "साहेब, मी वाकलो की पोरांवर नजर कोण ठेवणार?"

साहेबांनी मान डोलावली आणि वहीत 'शिस्त उत्तम' लिहिलं!

*

मुख्याध्यापक देवरे सरांनी मला एकदा विचारलं, "बेंड द रूल्स म्हणजे काय हो?" मी सांगितलं, नियम मोडायचा नाही, सोयीप्रमाणे जरा वाकवायचा. त्यांचा चेहरा उजळला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

शाळेत मोबाइल बंद ठेवायचा, हा त्यांचाच नियम. दुसऱ्या दिवशी स्वतः व्हरांड्यात अर्धा तास फोनवर, नंदुरबारला मिरचीचा भाव काय फुटला ते विचारत! मी म्हटलं, "सर, नियम?"

"वाकवलाय. मोडलेला नाही."

"फरक काय?"

"मोडला असता तर वर्गात बसून बोललो असतो. व्हरांड्यातच उभा आहे ना!"

मी वर्गाकडे वळलो.

*

मग आले भटू अण्णा, गावचेच ठेकेदार. आमची पहिलीची पोरं व्हरांड्यात बसायची, त्यांच्यासाठी नवीन खोली मंजूर झाली होती. अण्णा आले आणि वाकायलाच लागले. देवरे सरांच्या पाया पडले, पाटील सरांच्या पडले, माझ्या पडले. अहो, मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान! मी पाय मागे घेतले. एवढा वाकणारा माणूस काहीतरी लपवतोय, हे मी त्याच दिवशी स्टाफरूममध्ये सांगितलं. सगळे हसले. पहिलीच्या वसावे मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत.

भिंती उभ्या राहिल्या, स्लॅबसाठी सळयांची जाळी बांधत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीट पडणार. मी सळईचा उरलेला तुकडा उचलला, बंद हापशीच्या पाइपात टोक घातलं आणि सातवीला म्हटलं, "नाऊ आय अॅम बेंडिंग द रॉड." जोर लावला. काड्कन तुटला! दुसरा घेतला, तोही तुटला. पोरं टाळ्या वाजवत होती आणि मी तुटकी टोकं निरखत होतो. चांगली सळई वाकते हो, तुटत नाही! आणि या सळईच्या छताखाली सहा-सहा वर्षांची लेकरं बसणार!

मी देवरे सरांकडे धावलो. ते खाली बघत म्हणाले, "तक्रार केली तर काम थांबेल. परत मंजुरी कधी येईल? लेकरं अजून किती पावसाळे व्हरांड्यात भिजतील?" तेही खोटं नव्हतं. मला इतका संताप आला की चहा तसाच ठेवून उठलो.

*

संध्याकाळी अण्णा जाळी बघायला आले. मी दात-ओठ खात उभा. वसावे मॅडम धडगावकडच्या, बोलणं मोजकं. त्या दिवशी त्या आपणहून पुढे गेल्या. अण्णा लगेच पाया पडायला वाकले.

"राहू द्या अण्णा. तुमच्या नातीला सहावं लागलं ना?"

"हा ना मॅडम. मोठी गुणी पोर शे."

"मग यंदा माझ्याच वर्गात. नाव मी आजच घालून घेते. बारकी आहे, पुढेच बसवीन, अगदी मधोमध." मॅडमनी जाळीखालची जागा बोटाने दाखवली. "इथं."

अण्णा हसले. मग हसायचे थांबले. मान वर करून जाळीकडे बघायला लागले. मी काही बोलायला तोंड उघडलं, तर मॅडमनी नजरेनेच गप्प केलं.

शिडीवर त्यांचा मुकादम शेवटच्या गाठी आवळत होता. अण्णा त्याच्यावर खेकसले, "काय करी ऱ्हायना रे?"

"बांधी ऱ्हायनू अण्णा. सकाळी स्लॅबना माल पडाना शे ना!"

"सोड त्या गाठी. समदी सळई खाली उतार!"