काचेवरचे कुंकू

११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार, सकाळी सव्वानऊ वाजता मी ओतूरच्या एसटी स्थानकासमोरील फ्रेमवाल्याच्या दुकानात शिरलो. काखेत पुठ्ठ्यात बांधलेले एक छायाचित्र होते. मुलगी नोकरीनिमित्त जपानात राहून परतली, तेव्हा तेथील जुन्या बाजारातून तिने ते माझ्यासाठी आणले. भाऊबीजेला हाती देताना ती एवढेच म्हणाली, "आप्पा, हे तुमचंच काम आहे. भिंतीवर लावा. पुढच्या वेळी आले की बघीन."

काम माझेच होते. रंगीत फिल्म स्वस्त होण्यापूर्वी जुन्नरच्या एका स्टुडिओत मी कृष्णधवल छायाचित्रे हाताने रंगवीत असे. हेही हाताने रंगवलेले, पण त्याहून पुष्कळ जुने. चटईवर गुडघे मोडून बसलेली एक स्त्री पसरट भांड्यात फुले रचते आहे. भांड्यात सुयांसारख्या पानांची एक वाकडी फांदी आणि दोन पिवळ्या शेवंत्या. तिसरी शेवंती, पांढरी, तिने कपाळाच्या उंचीवर धरली आहे. बाहीचा निळा रंग मनगटावर किंचित उतरला आहे. मी तो कापसाने टिपून घेतला असता. पांढऱ्या फुलाला मात्र त्या कारागिराने हात लावलेला नाही. कागदाचा पांढरेपणाच फूल म्हणून राहू दिला आहे. इतका संयम मला क्वचितच साधला.

फ्रेमवाल्याने चित्र उजेडात धरले.

"आजोबा, ह्या कोण तुमच्या?"

"कोणी नाही."

"वारल्या कधी?"

"शंभर वर्षे झाली असतील."

"मंग चंदनाचा हार टाकू का? तुमाला फुकट, राव."

मी नको म्हटले. त्याचा दोष नव्हता. आमच्या भागात फोटो मोठा करून रंगवून घेत, तो बहुधा गेलेल्या माणसाचाच. काच कागदाला चिकटू नये म्हणून दोहोंमध्ये बोटभर जाडीची लाकडी पट्टी घालावयास सांगितले. "फ्रेम हाय का पेटी?" असे त्याने विचारले, पण केले मी सांगितले तसेच.

दुपारी ओसरीवर खिळा ठोकून मी चित्र टांगले. पत्नी शेतातून शेवंतीची पाटी घेऊन आली आणि समोर उभी राहिली.

"एवढ्या मोठ्या भांड्यात दोनच फुलं? अन् ती बी देठासकट. ओवायची कशी?"

"ओवायची नसतात. पाहायची असतात."

"बघाया आपलं शेत हाय की," ती हसून म्हणाली.

मग ती जवळ गेली. हसू थांबले.

"कपाळ मोकळं हाय हिचं."

"त्या देशात कुंकू लावीत नाहीत."

"तिच्या देशात नसतील लावत. आता ती आपल्या भिंतीवर हाय. काढा ते."

मी काढणार नाही म्हणालो. मुलगी आल्यावर तिला काय सांगायचे, असेही विचारले. आवाज चढला असावा, कारण तिचाही चढला.

"अहो, तुमच्या छातीत स्प्रिंग बसवून तीन महिनं न्हाई झालं. गोळी घ्या म्हणून म्या रोज मागं लागायचं, अन् सकाळी उठून ह्ये कपाळ बघायचं व्हय?"

स्त्रीचा फोटो रंगवावयास आला की माझा पहिला प्रश्न असे: कुंकू लावायचे का? नवरा मागे जिवंत असेल तर लावायचे. उत्तर ऐकून मी रंग कालवीत असे. तो प्रश्न कधी माझ्या ओसरीवर येईल, हे ध्यानात आले नव्हते.

"मंग तुमीच लावा की," ती म्हणाली. "आख्ख्या तालुक्यातल्या बायांना लावलं, हिनं काय घोडं मारलंय?"

"दुसऱ्याच्या कामावर मी ब्रश लावणार नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या ट्रंकेत."

मी खुर्चीत बसून राहिलो. ऊन उतरले आणि काच चमकू लागली. काच त्या कारागिराची नव्हती. ती मी ओतूरहून आणली होती.

फाटकाला दिलेल्या तांबड्या ऑइलपेंटचा डबा काढला. बारीक ब्रश पेटीत होता. पत्नीला तिच्या रोजच्या जागी, चित्रासमोर, चौरंगावर बसवले.

"सांग कुठे ते."

"वर घ्या जरा... लई झालं, खाली. आता डावीकडं. हां, तिथंच. हात हलू देऊ नका."

मनगट डाव्या हातावर टेकवले. ब्रश एकदा टेकवला आणि उचलला. टिकली गोल आली.

ती बराच वेळ पाहत राहिली. "आता कशी घरातली दिसती," म्हणाली आणि शेवंती ओवावयास बसली.

मी दाराजवळच्या माझ्या खुर्चीत आलो. काच आणि कागदातल्या बोटभर अंतरामुळे तेथून, बाजूने पाहता, ती टिकली कपाळ सोडून चित्रातल्या हातातल्या पांढऱ्या पाकळ्यांवर पडते. कपाळ कारागिराने ठेवले तसेच दिसते. मी तसे पत्नीला सांगितले.

"तुमाला तिथनं कधी काय नीट दिसलंय?" ती मान वर न करता म्हणाली.

मुलगी येईल तेव्हा पाहील. तिने चौरंगावर बसून पाहावे आणि माझ्या खुर्चीतूनही पाहावे.

काच पुसू नये असे दिवेलागणीला मी पत्नीला बजावले आणि ब्रश घासलेटात धुऊन ठेवला. जेवणानंतर छातीची गोळी घेतली. त्या दिवशी तिला सांगावे लागले नाही.