जेवणाच्या खोलीतली थाओ मावशी

थाओ मावशी वारली तेव्हा कारखान्याच्या फलकावर तिच्याबद्दल दोन ओळी लागल्या. नाव, कामावर लागल्याचं साल, निवृत्तीचं साल. शेजारी हिवाळ्यात घरं गरम ठेवायची वाफ पाइपांतून कधी सोडणार याची सूचना होती, ती जास्त लांब होती. म्हणून हे मी लिहितेय. पंप कारखान्यात एकवीस वर्षं मी क्रेन चालवली. मग घरी बसवलं, तेव्हापासून लोकांचे अर्ज लिहिते. कचेरीतले साहेब मला बिनपदवीची वकिलीण म्हणतात. म्हणोत. त्यांच्या पदव्यांचा उजेड मी पाहिलाय.

मावशी मूळची शांघायची, थाओ वानछिंग. १९५४ साली अठराव्या वर्षी ट्रेसर म्हणून आमच्याकडे आली. तेव्हा शहराच्या पश्चिमेला नुसती गव्हाची शेतं होती, आणि त्या शेतांत उभं राहायचं शहर मॉस्कोहून कागदावर आलेलं होतं. तिकडून आलेल्या रशियन तज्ज्ञाच्या नकाशावर पारदर्शक कापड ताणायचं आणि चोचीच्या पेनाने रेघ न् रेघ उतरवायची, हे ट्रेसर पोरींचं काम. रेघ चुकली तर ब्लेडने खरवडायची, ती जागा नखाने घासून गुळगुळीत करायची. मावशीला ब्लेड क्वचित लागायचं, असं तिच्याबरोबरच्या बायका कुरकुरत का होईना, कबूल करायच्या.

तज्ज्ञाने इमारती चौकोनात बसवल्या होत्या. चारही अंगांनी रस्त्याकडे तोंड, मधे अंगण. दिसायला भारदस्त, पण निम्म्या खोल्यांच्या वाट्याला पूर्व नाहीतर पश्चिम. आमच्याकडे गुरांचा गोठासुद्धा दक्षिणेकडे तोंड करून बांधतात. एका म्हाताऱ्या गवंड्याने बैठकीत तसं विचारलं. दुभाष्याने उत्तर आणलं, की कामगारांच्या राज्यात चारही दिशा समान असतात. गवंडी म्हणाला, बरं, मग सूर्यालाही कळवा. एवढ्यावरून त्याला तीनदा आत्मटीका लिहावी लागली.

दुसरी गंमत जागेची. तज्ज्ञाने माणशी नऊ चौरस मीटर धरले, तिकडच्या मापाने. आमच्या नशिबी चारही नव्हते. मग वरून तोडगा आला: घरं उद्याच्या हिशेबाने बांधा, आज दाटीने राहा. एका कुटुंबाच्या फ्लॅटमध्ये तीन कुटुंबं, तात्पुरती. त्या तात्पुरत्यात, मावशीच्याच जिन्यात एक मजला वर, माझा जन्म झाला, लग्न झालं, नवराही त्यातच गेला.

मावशीला मिळाली मधली खोली, पश्चिमेची. नकाशात ती जेवणाची खोली होती. मधोमध सहा खुर्च्यांचं टेबल तिने स्वतःच्या हाताने उतरवलेलं. एका बाजूला मा कुटुंब, दुसऱ्या बाजूला शू कुटुंब, आणि तिघांत एक स्वयंपाकघर. त्यात तीन चुली आणि छताला तीन दिवे. प्रत्येक दिव्याचं बटण ज्याच्या त्याच्या खोलीत, ज्याच्या त्याच्या मीटरवर. मा बाईंचा दिवा लागलेला असला, तरी त्या उजेडात मावशीने भाजी चिरायची नाही. आधी खोलीत जाऊन आपला दिवा लावायचा, मग सुरी हातात घ्यायची. आमच्या सगळ्या जिन्यांत हाच कायदा होता.

तिचं लग्न शांघायला ठरलेलं होतं. मुलगा इकडे यायला तयार नव्हता आणि हिची राहण्याची सरकारी नोंद तिकडे होईना. पत्रं आधी आठवड्याला यायची, मग नव्या वर्षाला, मग थांबली.

पुढे मॉस्कोशी बिनसलं. कालचा थोरला भाऊ शत्रू झाला. मावशीला नकाशांच्या कोपऱ्यांतली रशियन अक्षरं खरवडायला बसवलं. दिवसभर ती खरवडायची, आणि संध्याकाळच्या सभेत 'परकीयांची चाकर' अशी पाटी गळ्यात घालून मान खाली घालून उभी राहायची. मी सात वर्षांची होते. तिच्याशी बोलायचं नाही, असं आईने बजावलं होतं. मी बोलले नाही. आठ महिन्यांनी पाटी उतरली, पण स्वयंपाकघरातलं बोलणं काही परत आलं नाही. तीन बायका एकमेकींकडे पाठ करून फोडण्या द्यायच्या.

मग नवे मजले उठले. शू लोक गेले, काही वर्षांनी मा लोकही गेले, जाताना खोल्यांना कुलपं लावून. तीन खोल्यांच्या त्या घरात मावशी एकटी उरली, आणि तशीच मधल्या खोलीत राहिली. एकदा तिचं पातेलं चुलीच्या कडेवर कसंबसं तोललेलं पाहून मी म्हटलं, मावशी, अख्खा ओटा रिकामा आहे, पसर की जरा. ती म्हणाली, तो मा लोकांचा आहे. मा लोकांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

२०११ साली आमचा चौकोन पाडायची नोटीस आली. मी भांडले. अर्ज केले, सह्या गोळा केल्या, प्रांताच्या कचेरीबाहेर चार दिवस बसले. त्याच सुमारास कुणा साहेबाने युरोपात जाऊन जुन्या वस्त्या जपायची टूम पाहून आणली. एकदम आम्ही वारसा झालो. आधी तिकडची विद्या म्हणून बांधलं, मग तिकडची घाण म्हणून खरवडलं, आता तिकडची फॅशन म्हणून जपायचं. राहणाऱ्याला कोणी एकदाही विचारलं नाही. पण मला वाटलं, जिंकले. पुरावा म्हणून कारखान्याच्या दप्तरातून मूळ नकाशा मीच शोधून काढला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत मावशीचं नाव होतं. तो मी नाचत नेऊन दिला.

तिथेच घोडचूक केली. जतनाचा नियम निघाला: इमारत मूळ आराखड्याप्रमाणे करायची, एक फ्लॅट, एक कुटुंब. झोपायच्या खोलीचा ताबा असेल त्याला हक्क. जेवणाची खोली म्हणजे राहायची खोली नव्हे, सबब थाओ वानछिंग यांना शहराच्या पूर्वेला एकोणिसाव्या मजल्यावर पर्यायी घर. म्हणजे मीच आणलेल्या कागदाने तिला बाहेर काढलं.

एक फट मात्र होती. १९५७ साली फ्लॅट तीन घरांत वाटल्याचा सुधारित कागद निघाला होता, तो दप्तरातून गहाळ झाला होता. सुनावणीत मावशीने एवढंच म्हणायचं होतं, की हा शेवटचा कागद असल्याचं मला आठवत नाही. मग तो सापडेपर्यंत तिला हलवता आलं नसतं. मी तिच्याकडून घोकून घेतलं. ती मान डोलवायची.

सुनावणीला जतन कार्यालयाचे नी साहेब होते, तरुण, गोड बोलणारे. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला.

"आजी, कोपऱ्यातलं नाव तुमचंच ना?"

मावशीने चष्मा पुसून परत लावला. बोट न टेकवता रेघांवरून फिरवलं.

"माझंच."

मी टेबलाखालून तिला पाय मारला.

"म्हणजे हाच आराखडा बरोबर?"

"बरोबर आहे. माझ्या कागदात चूक कधी निघाली नाही. ही जेवणाचीच खोली." मग जरा थांबून म्हणाली, "मी तिथे छप्पन्न वर्षं राहिले, ते आराखड्यात नव्हतं."

साहेबांनी लिहून घेतलं. बाहेर आल्यावर माझा तोल गेला. म्हटलं, "अगं मावशी, खोटं नव्हतं बोलायचं. नुसतं विसरायचं होतं. एवढंही जमेना?"

"माझं सगळं कुणी ना कुणी चूक ठरवलं, लुओ," ती म्हणाली. "ही रेघ तेवढी कुणी चूक ठरवली नाही. ती मीच ठरवू?"

"मग बस रेघ कवटाळून," असं म्हणून मी निघून आले. सामान हलवायच्या दिवशीही गेले नाही. रिक्षावाल्याने सांगितलं, एका फेरीत सगळं मावलं, आणि आजी मागे सामानावरच बसून गेल्या.

अपिलाची मुदत साठ दिवसांची होती. चोपन्नाव्या दिवशी मी अर्ज घेऊन गेले. दोन बस बदलल्या. फाटकावरच्या पहारेकऱ्याला मी तिचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, नाव नको, दाराचा नंबर सांगा. वर मावशीने दार उघडलं आणि रागाबद्दल अवाक्षर काढलं नाही. वाफवलेले पाव आणि खारवलेला मुळा पुढे ठेवला. म्हणाली, इथे लिफ्टमध्ये सगळे वरच्या आकड्यांकडे बघतात. मजल्यावर चार दारं आहेत, पण आवाज एकाचाही येत नाही. आणि मग, माझ्याकडे न बघता, "तू येशील असं मला पहिल्या आठवड्यात वाटलं होतं."

मी अर्ज तिच्यासमोर सरकवला. नी साहेबांची चूक मी दोन पानं भरून लिहिली होती, सही तेवढी तिची हवी होती. तिने पेन घेतलं, सावकाश पहिलीच रिकामी ओळ भरली आणि कागद परत दिला. सध्याचा पत्ता: पूर्व विभाग, इमारत सात, मजला एकोणीस, दार चार. अक्षरं छापल्यासारखी सरळ. खाली सहीची जागा कोरी होती.

"मावशी, सही."

"चहा घे आधी," ती म्हणाली.

माझी परतीची बस साडेतीनची होती आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाची तरी सुनावणी होती. मी उभ्या उभ्या चहा घेतला, बिनसहीचा अर्ज पिशवीत घातला आणि निघाले.